काखेतलं पुस्तक: पाब्लो कासाल्स आणि त्याचा चेलो

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी युरोपात चेलो शिकायला बसलेल्या मुलाच्या उजव्या काखेत आधी एक पुस्तक दिलं जायचं. ते पडू न देता गज ओढायचा. कोपर अंगाला चिकटलेलं, हालचाल काय ती मनगटाची. बार्सिलोनाच्या संगीतशाळेत 1888 साली आलेल्या अकरा वर्षांच्या एका मुलालाही हेच सांगण्यात आलं. वर्गात त्यानं ते केलं. घरी मात्र पुस्तक बाजूला ठेवून खांद्यापासून हात मोकळा सोडला आणि काय होतं ते बघत बसला. डाव्या हाताच्या बोटांचंही तेच केलं. शिक्षकांनी आधी हरकत घेतली, मग ऐकलं, मग गप्प बसले.

हा मुलगा पाब्लो कासाल्स. बार्सिलोनाच्या भागात बोलली जाणारी कातालान ही त्याची मातृभाषा; तिच्यात त्याचं नाव ‘पाउ’, आणि या शब्दाचा दुसरा अर्थ ‘शांतता’. चेलो हे मैफलीत मधोमध बसवण्याचं वाद्य आहे हे जगाला ज्यांच्यामुळे पटलं, त्यांत त्याचं नाव पहिलं घेतात. पण ‘महान वादक’ म्हणून मोकळं झालं की त्यानं नेमकं काय केलं ते कळतच नाही. त्यासाठी आधी वाद्य बघायला हवं.

चेलो दिसतो मोठ्या व्हायोलिनसारखा, पण तो गुडघ्यांमध्ये धरून, खुर्चीवर बसून वाजवतात. खालून एक धातूचा खिळा निघतो आणि जमिनीत रुततो. हा खिळा एकोणिसाव्या शतकात सर्रास वापरात आला. त्याआधी वादक चेलो पोटऱ्यांमध्ये आवळून धरत. तारा चार. शेजारच्या दोन तारांमध्ये सा आणि प यांचं अंतर. सगळ्यात जाड तार सेकंदाला साधारण 65 वेळा कंप पावते, सगळ्यात बारीक 220 वेळा. खाली खर्जातला पुरुषी आवाज, वर बोटं सरकवत गेलं की स्त्रीचा आवाज, असा हा पल्ला आहे. ‘चेलो माणसासारखा गातो’ असं म्हणतात त्यात एवढं तथ्य नक्की आहे.

अडचण आहे ती लांबीची. व्हायोलिनच्या तारेचा वाजणारा भाग साधारण 33 सेंटीमीटर असतो, चेलोचा जवळजवळ 69. तार दुप्पट, पण माणसाची बोटं तेवढीच. मोकळी तार सा धरली तर व्हायोलिनवर चार बोटं आरामात रे, ग, म, प वर बसतात. चेलोवर तीच चार बोटं रे, कोमल ग, शुद्ध ग आणि म एवढंच झाकतात. म्हणजे एका जागी हात ठेवून चेलोवादकाला मिळतं फार थोडं. साधी चाल वाजवायची तरी त्याचा हात पट्टीवर सतत वरखाली धावत असतो. सतारीसारखे पडदे नाहीत, कुठे थांबायचं ते बोटानंच ठरवायचं. एखादा मिलिमीटर चुकला तर कानाला कळतं.

वरच्या भागात पोहोचल्यावर तर वाद्याच्या मानेमागे असलेला अंगठा बाहेर काढून तारेवर आडवा दाबून धरतात आणि त्याच्या आधारानं बाकीची बोटं चालवतात. सुरुवातीला अंगठ्याला घट्टे पडतात. आणि बहुतेक चेलोंमध्ये एक ‘लांडगा’ राहतो. तोच त्याचा रूढ शब्द आहे. वाद्याच्या पोकळ अंगाचा स्वतःचा एक कंप असतो. वाजवलेला सूर नेमका त्याच्याशी जुळला की तार आणि लाकूड एकमेकांशी भांडायला लागतात आणि सूर गुरगुरत अडखळतो. वादक तिथे गुडघ्यानं वाद्य आवळतो, किंवा घोडीखालच्या तारेवर एक छोटं वजन बसवतो. उत्तम चेलोतही लांडगा सापडतो. जाणकार सांगतात की वाद्य जितकं खणखणीत बोलतं, तितका तो जास्त सतावतो.

आता त्या मुलाकडे परत येऊ.

जुन्या पद्धतीत डावा हात एखाद्या ठोकळ्यासारखा हलायचा. बोटांमधली अंतरं ठरलेली. पुढचा सूर हवा तर सगळा ठोकळा उचलून पुढच्या जागी न्यायचा. जाताना बोट तारेवर घासत जायचं आणि ‘ऊंऽऽ’ असा घसरता आवाज यायचा. एखाद्या ठिकाणी तो गोड वाटतो. दर दोन सुरांमागे आला की ऐकणारा कंटाळतो, कारण तिथे घसरण्यामागे भावना नसते, फक्त हाताची सोय असते. कासाल्सनं बोटं ताणायला सुरुवात केली. पुढचं बोट आपल्या नेहमीच्या जागेच्या पलीकडे टाकायचं, आणि हात मागाहून सावकाश त्याच्याकडे आणायचा. सूर आधी, हात नंतर. शिवाय डाव्या हाताचं बोट तारेवर ठेवायचं ते हलक्या हातोडीसारखं आपटून, म्हणजे जलद जागांवरही प्रत्येक सूर वेगळा उमटतो. त्यामुळे घसरणं ही मजबुरी राहिली नाही. हवी तिथे मींड घ्यायची, नको तिथे नाही.

सुराबद्दलही त्याचं मत पक्कं होतं. पियानोच्या पट्ट्यांमध्ये सगळे अर्धस्वर सारख्या अंतरावर ठेवलेले असतात. कासाल्स म्हणायचा की तार हातात असताना ही सक्ती का मानायची? वरच्या सा कडे निघालेला नी जरा चढा, सा ला खेटून लावायचा, कारण त्याचा ओढाच तिकडे आहे. शुद्ध ग जरा म कडे झुकलेला. उतरताना उलट. सूर कुठून आला आणि कुठे चाललाय यावर त्याची जागा ठरते, ही गोष्ट आपल्याकडच्या श्रोत्याला मुद्दाम पटवून द्यावी लागत नाही. एकच कोमल ग दोन रागांत वेगळा लागतो हे आपण ऐकत आलो आहोत. पण पियानोच्या सुरावर कान तयार झालेल्यांना हे नवं होतं, काहींना कणसूरही वाटलं. विद्यार्थ्यांना तो या चढउताराचा सराव संथ लयीत करायला लावायचा. कान बिघडलेले असतात, ते सरळ व्हायला वेळ लागतो, असं त्याचं म्हणणं.

काखेतून पुस्तक गेल्यावर उजव्या हातानं काय केलं ते शब्दांत सांगणं अवघड आहे, जुन्या ध्वनिमुद्रिकेत ऐकणं सोपं. एकही सूर सरळ रेषेसारखा नाही. उमटतो, भरतो, ओसरतो. लांबलचक सूर असला तरी त्याच्या पोटात काहीतरी चाललेलं असतं.

हे सगळं करणारा मुलगा कुठून आला? बार्सिलोनाच्या नैऋत्येला, समुद्राजवळच्या एल वेंद्रेल गावातून. जन्म 29 डिसेंबर 1876. वडील चर्चमध्ये ऑर्गन वाजवत आणि गायकवृंद शिकवत. आई मूळची पोर्तो रिकोतली. पियानो, व्हायोलिन, ऑर्गन घरीच शिकला. फिरत्या वादकांपैकी एकाकडे चित्रविचित्र तंतुवाद्य बघून त्यानं तसंच हवं असा हट्ट धरला, तेव्हा वडिलांनी एका वाळलेल्या भोपळ्याला तार लावून दिली. खरा चेलो त्यानं पाहिला तो अकराव्या वर्षी. वडिलांना वाटे मुलानं सुतारकाम शिकावं, पोट भरेल. आई त्याला घेऊन बार्सिलोनाला निघून गेली.

तिथे शिकता शिकता तो एका कॅफेत तिघांच्या संचात वाजवायला लागला. रोज रात्री लोकांच्या आवडीचे तुकडे. त्यासाठी नवीन स्वरलिपी शोधत 1890 साली वडिलांबरोबर जुन्या पुस्तकांच्या एका दुकानात गेला असताना एक कळकट गठ्ठा हाती आला: जर्मन संगीतकार योहान सेबास्टियन बाखनं एकट्या चेलोसाठी लिहिलेले सहा सूट, म्हणजे बहुतेक नाचाच्या लयींवर बेतलेल्या तुकड्यांच्या माळा. या तेरा वर्षांच्या पोराला असं काही असतं हेच माहीत नव्हतं.

या प्रसंगाची पुढे दंतकथा झाली आणि ‘कासाल्सनं हरवलेला बाख शोधून काढला’ असं वाक्य जागोजाग छापून येतं. ते खरं नाही. हे सूट बाखनं साधारण 1720च्या आसपास लिहिले असावेत. त्याच्या हातचं हस्तलिखित उरलं नाही, पण पत्नी आना माग्दालेनानं केलेली नक्कल आहे. छापील प्रती 1820च्या दशकापासून मिळत होत्या. संगीतकार शूमाननं तर त्यांना पियानोची साथही लिहून ठेवली होती. ते हरवले नव्हते. चेलोवादक सरावासाठी ते घोकत, क्वचित एखादा तुकडा मैफलीत वाजवत. सहा-सात तुकड्यांचा अख्खा सूट, साथीला कोणी नाही, आणि लोक तिकीट काढून ऐकतील, ही कल्पना मात्र कोणाची नव्हती. कासाल्सचं श्रेय त्या कल्पनेचं. आणि तीही सापडल्या सापडल्या त्यानं अमलात आणली नाही. रोज घरी वाजवत राहिला. लोकांसमोर पूर्ण सूट वाजवायला त्याला सुमारे बारा वर्षं लागली.

मधल्या काळात आयुष्य सरळ चाललं नव्हतं. कॅफेत त्याला ऐकून पियानोवादक आल्बेनिसनं माद्रिदच्या दरबारातल्या काउंट मॉर्फींच्या नावानं चिठ्ठी दिली. राणी मारिया क्रिस्तिनानं महिना 250 पेसेता शिष्यवृत्ती बांधून दिली. माद्रिदहून पुढच्या शिक्षणासाठी ब्रसेल्सला पाठवलं. तिथल्या शिक्षकांनी भर वर्गात ‘या छोट्या स्पॅनिश माणसाला सगळंच वाजवता येतं म्हणे’ अशा थाटात चेष्टा केली. कासाल्सनं सेर्वे या बेल्जियन चेलोवादकाचा एक अवघड तुकडा मागून घेतला, वाजवला, वर्ग थक्क झाला, शिक्षकांनी प्रवेश आणि बक्षीस दोन्ही देऊ केलं. यानं नकार दिला आणि दुसऱ्या दिवशी पॅरिसची गाडी पकडली.

शिष्यवृत्ती ब्रसेल्ससाठी होती, त्यामुळे ती बंद झाली. पॅरिसमध्ये नाचगाण्याच्या एका थिएटरात दिवसाला चार फ्रँकवर दुसरा चेलो वाजवला. भाडं वाचवायला रोज चालत जायचा. आई शिवणकाम करायची. एकदा तिनं केस कापून विकले. शेवटी आजारी पडून सगळे बार्सिलोनाला परत. मला या माणसाच्या चरित्रात हा ब्रसेल्सचा नकार महत्त्वाचा वाटतो. व्यवहार बघणाऱ्या कोणी तो दिला नसता. पुढे असे बरेच येणार आहेत.

1899 हे वर्ष उजाडलं तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. लंडनला क्रिस्टल पॅलेसमध्ये वाजवलं, राणी व्हिक्टोरियासमोर वाजवलं, आणि त्याच वर्षी पॅरिसमध्ये लामूरच्या वाद्यवृंदाबरोबर. तिथून पुढे तो थांबला नाही.

एकल वादकाचा धंदा म्हणजे काय असतो? बहुतांश प्रवास. गाडी, बोट, हॉटेल, अनोळखी वाद्यवृंदाबरोबर एखादी तालीम, मैफल, पुन्हा गाडी. सोबत वाद्य, तेही कपाटाएवढं आणि काचेसारखं जपायचं. कासाल्सकडे अठराव्या शतकातला, व्हेनिसच्या मातेओ गोफ्रिलरनं बनवलेला चेलो पुढे आला, आणि मग मुख्यतः तोच. चेलोवादकाला आणखी एक अडचण: वाद्यवृंदासमोर बसून वाजवण्यासारख्या मोठ्या रचना मोजक्याच. हायडन, शूमान, लालो, सें-साँ, आणि ड्वोर्झाक, ज्याचा चेलो कंचेर्टो तेव्हा नुकता, 1896 साली, लंडनला पहिल्यांदा वाजला होता. त्याच त्या रचना शेकडो वेळा वाजवायच्या आणि दर वेळी ताज्या ठेवायच्या.

आणि भीती. कासाल्सला प्रत्येक मैफलीआधी पोटात गोळा यायचा, साठ-सत्तर वर्षं वाजवूनही ती गेली नाही. व्हिएन्नातल्या त्याच्या पहिल्या मैफलीत पहिलाच सूर काढताना बोटं इतकी आखडली होती की हात सैल करायला गेला आणि गज निसटून प्रेक्षकांत जाऊन पडला. लोकांनी तो रांगेमागून रांग हातोहात परत पाठवला. सभागृहात चिडीचूप. गज हातात येईपर्यंत आपली भीती गेली होती, असं तो सांगायचा.

1901 साली अमेरिकेच्या दौऱ्यात सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या टॅमलपाइस डोंगरावर चढताना एक दगड निसटून त्याच्या डाव्या हातावर आदळला. बोटं चेचली गेली. तेव्हा मनात पहिला विचार आला तो सुटकेचा: देवाची कृपा, आता चेलो वाजवायला नको! ही कबुली त्यानं स्वतःच दिली आहे. हात बरा झाला. 1904 साली व्हाइट हाउसमध्ये थिओडोर रूझवेल्टसमोर वाजवलं. पुढे पियानोवादक कोर्तो आणि व्हायोलिनवादक तिबो यांच्याबरोबर त्रिकूट जमवलं. त्यांच्या 1920च्या दशकातल्या ध्वनिमुद्रिका अजून ऐकल्या जातात.

भरपूर पैसा आला. त्याचं त्यानं काय केलं? 1920 साली बार्सिलोनात स्वतःच्या खर्चानं वाद्यवृंद उभा केला आणि स्वतः तो चालवू लागला. तो स्वतःच्या पायावर उभा राहीपर्यंत सात वर्षं तोटा यानंच भरला. मग कामगारांची एक मैफल-संघटना काढली: वर्गणी नाममात्र, वाद्यवृंद तोच, कार्यक्रमही तेच. ‘कामगारांना समजेल असं काहीतरी हलकं’ वाजवायचं नाही, हे ठरलेलं.

18 जुलै 1936. बार्सिलोनात बीथोव्हनच्या नवव्या सिम्फनीची तालीम चालू होती. शेवटचा भाग सुरू होणार तेवढ्यात निरोप आला: लष्करानं उठाव केलाय, मैफल रद्द, सगळ्यांनी ताबडतोब निघा. कासाल्सनं वादकांना आणि गायकांना विचारलं, निघण्याआधी शेवट करायचा का? त्यांनी केला. मग पांगले.

त्याच नोव्हेंबरात, देशात यादवी पेटलेली असताना, तो लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत बसून बाखचे दुसरा आणि तिसरा सूट ध्वनिमुद्रित करत होता. उरलेले चार 1938 आणि 1939 मध्ये झाले. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूला चार-साडेचार मिनिटं मावत. कापाकापी, जोडाजोडी काही नाही. चुकलं तर ती बाजू पहिल्यापासून. ऐकताना बोटांचे ठोके ऐकू येतात, मधेच सूर खरखरतो. आज हेच सूट याहून नीटनेटके वाजवणारे पुष्कळ आहेत. बाखच्या काळच्या नाचाची लय त्यांना जास्त कळते आणि कासाल्सची लय कधी कधी फार ओढलेली वाटते, हे मान्य करायला हरकत नाही. पण पाचव्या सूटमधला सराबांद, म्हणजे संथ नाचाचा तुकडा, ऐका. एका वेळी एकच सूर, साथ नाही, आणि तरी खाली सगळी इमारत उभी आहे असं वाटत राहतं.

1939 साली उठाव करणाऱ्या लष्कराचा सेनापती फ्रँको जिंकला आणि स्पेनचा हुकूमशहा झाला. कासाल्स सीमा ओलांडून फ्रान्समधल्या प्राद या छोट्या गावात येऊन राहिला. स्पेनमधून पळून आलेले हजारो लोक फ्रान्समध्ये काटेरी कुंपणाच्या छावण्यांत कोंबले गेले होते. तो जगभर पत्रं लिहून पैसे, कपडे, अन्न मागवायचा आणि वाटायचा. जर्मनीत हिटलर आल्यापासून तिथे वाजवणं त्यानं आधीच थांबवलं होतं; तिथला वाद्यवृंद-संचालक फुर्टव्हेंग्लरचं बोलावणंही नाकारलं होतं. युद्धकाळात जर्मन अधिकारी घरी येऊन बर्लिनचं आमंत्रण देऊन गेले, तेव्हा यानं संधिवाताचं कारण पुढे केलं.

1945 मध्ये युद्ध संपलं. तो इंग्लंडला गेला, सभागृहं भरून वाहिली. त्याची खात्री होती की हिटलर आणि मुसोलिनीनंतर आता फ्रँकोची पाळी. तसं काही होणार नाही, जिंकलेली सरकारं फ्रँकोशी जुळवून घेणार, हे लक्षात आल्यावर त्यानं ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या मानद पदव्या नाकारल्या, पुढच्या मैफली रद्द केल्या आणि प्रादला परतला. फ्रँकोला मान्यता देणाऱ्या कोणत्याही देशात वाजवणार नाही, असं जाहीर केलं. म्हणजे जवळपास कुठेच नाही.

याचा उपयोग काय झाला, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. फ्रँको हलला नाही. नुकसान वादकाचंच. गळा किंवा बोटं ही काही तिजोरीत ठेवायची चीज नाही आणि तो सत्तरीकडे झुकला होता. पण मी त्याच्या बाजूनं एवढं म्हणेन, की त्याच्या हातात नाकारता येईल अशी एकच गोष्ट होती आणि तीच त्यानं नाकारली. रोज सकाळी पियानोवर बाख वाजवायचा, चेलोचा सराव करायचा, विद्यार्थी शिकवायचा. फक्त मैफल नाही.

ही कोंडी दुसऱ्यांनी फोडली. व्हायोलिनवादक अलेक्झांडर श्नायडरनं तोडगा काढला: तुम्ही येत नसाल तर आम्ही तुमच्याकडे येतो. 1950 हे बाखच्या मृत्यूचं दोनशेवं वर्ष. जगभरचे वादक प्रादच्या चर्चमध्ये जमले आणि त्र्याहत्तर वर्षांचा कासाल्स पुन्हा चेलो घेऊन लोकांसमोर बसला. तिथल्या मैफलींच्या शेवटी तो ‘पक्ष्यांचं गाणं’ ही कातालान लोकधून वाजवायचा. ख्रिस्तजन्माच्या वेळी पक्षी गातात, असं ते नाताळचं साधं गाणं. निर्वासितांसाठी ती गावची खूण झाली.

पुढे तो आईच्या पोर्तो रिकोला जाऊन राहिला. 1957 मध्ये हृदयविकाराचा झटका आला, त्याच वर्षी त्याची तरुण विद्यार्थिनी मार्ता मोंतान्येस हिच्याशी लग्न केलं. वयात साठ वर्षांचं अंतर. चर्चा झाली, त्यांनी मनावर घेतली नाही. 13 नोव्हेंबर 1961 ला तो व्हाइट हाउसमध्ये केनेडींसमोर वाजवायला गेला. अमेरिकेनं फ्रँकोला मान्यता दिलेलीच होती. म्हणजे स्वतःचा नियम त्यानं इथे मोडला. केनेडींबद्दल आशा वाटते म्हणून, असं कारण दिलं. रूझवेल्टसमोर वाजवून सत्तावन्न वर्षं झाली होती.

ऑक्टोबर 1971 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सभेत त्याला शांतता पदक देण्यात आलं. चौऱ्याण्णव वर्षांचा माणूस. आपण बरीच वर्षं लोकांसमोर वाजवलेलं नाही, पण आज वाजवावंसं वाटतं, असं तो म्हणाला. मग सांगितलं की आमच्याकडचे पक्षी आकाशात गेल्यावर ‘पीस, पीस, पीस’ असं गातात. हात थरथरत होते, सूर एकदोन ठिकाणी डळमळला. वाजवलं ते ‘पक्ष्यांचं गाणं’.

22 ऑक्टोबर 1973 ला पोर्तो रिकोत तो गेला, वय शहाण्णव. फ्रँको त्यानंतर दोन वर्षं जगला. 1979 साली कासाल्सच्या अस्थी एल वेंद्रेलला आणून त्या मातीत ठेवल्या.